आयुष्याचा उत्तररंग

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदीहून श्रीज्ञानदेवांची, देहूहून श्रीतुकोबारायांची आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून अन्य संतांच्या निघालेल्या पालख्या दशमीला पंढरीत विसावल्या. आज चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगांच्या घोषावाचून दुसरा ध्वनी कानी पडत नाही. आजपासून भगवंत योगनिद्रेत जातात आणि चातुर्मासास आरंभ होतो. या पुण्यदिनी सोहळ्याचे वर्णन करणारे पुष्कळ लिहिले जाईल. प्रस्तुत लेखकाला मात्र वाचकांचे लक्ष एका निराळ्या विषयाकडे वेधावयाचे आहे. आणि तो विषयही या वाळवंटातच सापडलेला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका एकादशीच्या दुपारी नदीकाठी एक वृद्धा पाच-सात गाठोड्यांच्या राशीला टेकून बसलेली दिसली. वय सत्तरीच्या पुढचे, पायांना फोड आलेले, शेजारी तुळशीवृंदावन. मी सहज विचारले, “माउली, दर्शन झालं का?” ती हसून म्हणाली, “न्हाई माउली. सून गेलीया बारीत. तिची पयलीच वारी हाय. गाठोडी राखाया कुनीतरी पायजे न्हवं? माझं लई वरसं पाहून झालं, आता तिचं होऊ द्या.” एवढे बोलून तिने देवळाच्या कळसाकडे पाहून हात जोडले आणि पुन्हा गाठोड्यांकडे लक्ष दिले. इतके पायी चालून आल्यावर एकादशीचे दर्शन हातचे गेले याचा खेद तिच्या मुखावर शोधूनही सापडला नाही.

त्याच सायंकाळी एका सुखवस्तू सद्गृहस्थांच्या घरी जाण्याचा योग आला. सेवानिवृत्त होऊन दहा वर्षे झालेली, घर स्वतःचे, मुलगा आज्ञाधारक, निवृत्तिवेतन नियमित. परंतु तासाभरात त्यांच्या तोंडून जे निघाले ते एकच होते : “मला आता कोणी विचारीत नाही.”

सज्जनहो, त्या वृद्धेलाही कोणी विचारले नव्हते. मग एकीला तृप्ती आणि दुसऱ्याला तळमळ, हे कसे? हा प्रश्न आज केवळ एका घराचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. त्यानंतर ती वाढतच गेली आहे. औषधोपचारांनी आयुष्याची दोरी लांबविली. परंतु लांबलेल्या त्या आयुष्यात काय भरावयाचे, हे औषधाच्या बाटलीवर लिहिलेले नसते.

संतोष हा नियम आहे

संस्कृत भाषेने म्हातारपणाला दोन निरनिराळे शब्द दिले आहेत. एक ‘जरा’. हा शब्द ‘जॄ’ म्हणजे झिजणे या धातूपासून आला. दुसरा ‘वृद्ध’. हा मात्र ‘वृध्’ म्हणजे वाढणे या धातूपासून आला. ‘वृद्धी’ हा शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे जरा येते ती देहाला. वृद्ध व्हावयाचे असते ते माणसाने. झिजणे आपोआप घडते, त्यासाठी कोणालाही प्रयास करावे लागत नाहीत. वाढणे आपोआप घडत नाही. वय झाले म्हणजे मनुष्य वृद्ध झालाच असे नव्हे. पुष्कळदा तो नुसता जीर्ण झालेला असतो.

मग वाढावयाचे कशाने? पतंजलींनी योगसूत्रांच्या साधनपादात पाच नियम सांगितले : शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान. यांतील दुसरे स्थान किंचित थांबून पाहण्यासारखे आहे. संतोषाची गणना त्यांनी फळांत केली नाही, नियमांत केली. आपली समजूत अशी की, मुले नीट लागली, प्रकृती बरी राहिली, सुनेने मान ठेवला की संतोष होईल. पतंजलींचे म्हणणे असे की, स्नानासारखा, जपासारखा, स्वाध्यायासारखा संतोषही रोज आचरावयाचा असतो. आणि त्याच्या आचरणातून जे सुख लाभते त्याच्या तोडीचे दुसरे नाही. काल केलेले स्नान आज उपयोगी पडत नाही, तसा काल राखलेला संतोष आज पुरत नाही. तो आज पुन्हा राखावा लागतो.

आपल्या मायमराठीनेही येथे मोठे मार्मिक काम केले आहे. संस्कृतात ‘समाधान’ म्हणजे चित्त एका ठिकाणी नीट ठेवणे. वेदान्तातील शमादि षट्संपत्तीत ते सहावे. ‘समाधी’ हा शब्दही त्याच धातूचा. मराठी माणसाने तोच शब्द उचलला आणि जेवणानंतरच्या ढेकरेपासून आयुष्याच्या कृतार्थतेपर्यंत सगळीकडे वापरला. चित्त जागेवर बसले की मिळते ते समाधान, हे शास्त्र त्याने न शिकवता ओळखले.

आम्हा नारदीय परंपरेच्या कीर्तनकारांना याचे एक रोजचे उदाहरण ठाऊक आहे. नमन होते, मूळ पद म्हटले जाते, मग पूर्वरंगात बुवा सिद्धांताचे निरूपण करतात. मध्यंतरी नामघोष होतो, बुवांना बुक्का लावून हार घालतात. त्यानंतर उत्तररंग, म्हणजे आख्यान. पूर्वरंगात जे सांगितले ते उत्तररंगात कथेने पटवून द्यावयाचे, असा दंडक आहे. आयुष्याचेही तसेच. चाळिशी-पन्नाशीपर्यंत आपण मुलांना, शेजाऱ्यांना, हाताखालच्यांना पुष्कळ निरूपण केले : लोभ करू नये, रागावू नये, ईश्वरावर भार टाकावा. साठीला सत्काराचा हार गळ्यात पडला. आता उत्तररंग. जे बोललो त्याची कथा स्वतःच्या वागणुकीने सांगावयाची. आणि येथेच पुष्कळांचा सूर ढळतो.

बुवांचीच परीक्षा

दुसऱ्यांना दोष देण्यापूर्वी स्वतःची कथा सांगणे उचित होय. एका देवस्थानच्या उत्सवात मी वीस वर्षांहून अधिक काळ कीर्तनसेवा करीत होतो. ती तिथी जणू माझ्या नावावरच लागली होती. साठीनंतर गळ्याने दगा देण्यास प्रारंभ केला. वरच्या सुराला आवाज फाटू लागला. श्रोत्यांना ते कळत होते, मला मान्य नव्हते. एके वर्षी निमंत्रणाचे पत्र माझ्याऐवजी माझ्याच शिष्याला गेले. तो पत्र घेऊन नमस्काराला आला, तेव्हा मी तोंडाने आशीर्वाद दिला आणि मनाने दिला नाही. उत्सवाच्या दिवशी गुडघ्याचे निमित्त करून मी घरीच बसलो.

माझी सौभाग्यवती फारशी शिकलेली नाही. परंतु तिने माझी शेकडो कीर्तने ऐकली आहेत. ती म्हणाली, “अहो, आयुष्यभर लोकांना निरिच्छ व्हा म्हणून सांगितलंत. आज एक दिवस श्रोता होऊन बसा की.” उत्तर सुचले नाही. उपरणे खांद्यावर टाकले आणि निघालो.

मागच्या बाजूला खांबाशी बसलो. शिष्याने मला पाहिले आणि त्याचा पहिलाच स्वर कापला. तो मला भ्याला, हे पाहून माझीच मला लाज वाटली. ज्याला पंधरा वर्षे शिकविले त्याच्या गळ्यात माझ्या रुसव्याने काटा उभा केला होता. उठलो, साथीदारांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, एकाच्या हातची झांज घेतली आणि ध्रुपद धरले. पुढचे दीड तास मी मागे उभा होतो. फाटलेला आवाज ध्रुपदाला पुरेसा होता. शिष्य एका ठिकाणी बोलता बोलता थांबला, आणि त्या शांततेत श्रोत्यांचे डोळे भरून आले. मी तेथे चाळीस वर्षे बोलत आलो होतो; थांबावे हे मला कधी सुचले नव्हते. शिष्याचा तो गुण गादीवर असतो तर मला कधीही दिसला नसता.

यापुढे माझे मन शुद्ध झाले असे लिहिले तर ते असत्य होईल. दरवर्षी निमंत्रणपत्रे निघण्याचे दिवस आले की आत काहीतरी हलते. म्हणूनच पतंजलींचा ‘नियम’ हा शब्द मला आता अधिक कळतो.

कुंतीचे प्रस्थान

महाभारताचा वाचक बहुधा युद्धाशी थांबतो. परंतु व्यासांनी युद्धानंतर एक आश्रमवासिकपर्व लिहिले आहे, आणि ते घरोघरच्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे. युद्ध सरले, धर्मराज सिंहासनावर बसला. शंभर पुत्र गमावलेला आंधळा धृतराष्ट्र पुतण्यांच्या आश्रयाला राहिला. युधिष्ठिराने त्याचा मान यत्किंचितही कमी होऊ दिला नाही. परंतु भीमाच्या मनातली आढी गेली नव्हती. वृद्धाच्या कानी पडेल अशा रीतीने तो दंड थोपटी आणि ‘याच बाहूंनी आंधळ्याचे पुत्र मारले’ अशा अर्थाचे बोले. अशी पंधरा वर्षे गेली. धृतराष्ट्र गुपचूप अर्धपोटी राहू लागला, भूमीवर निजू लागला. हे एका गांधारीवाचून कोणास ठाऊक नव्हते. अखेरीस त्याने वनात जाण्याची अनुज्ञा मागितली. जाण्यापूर्वी मृतांच्या श्राद्धदानासाठी द्रव्य मागितले, तेव्हा भीमाने त्यालाही विरोध केला. अर्जुनाने समजूत घातली आणि युधिष्ठिराने आपल्या कोशातून द्रव्य दिले. वाचकहो, घरात वडिलांनी एखाद्या धर्मकृत्यासाठी पैसे मागावेत आणि त्यावरून मुलांत दोन पक्ष पडावेत, हे दृश्य किती जुने आहे पाहा!

निघण्याचा दिवस आला. पुढे कुंती, तिच्या खांद्यावर डोळ्यांना पट्टी बांधलेल्या गांधारीचा हात, आणि गांधारीच्या खांद्यावर धृतराष्ट्राचा हात. सगळ्यांना वाटले, कुंती वेशीपर्यंत पोहोचवावयास चालली आहे. वेशीवर ती परतेना. पुत्रांनी आकांत केला. भीमाने विचारले, वनातच जावयाचे होते तर आम्हांला युद्धाला का प्रवृत्त केलेस? कुंतीच्या उत्तराचा आशय असा : तुम्ही खचू नये, पांडूचा वंश लोपू नये, यासाठी मी तुम्हांला उठविले. राज्यसुख मी पतीच्या काळी यथेच्छ भोगले. पुत्रांनी जिंकलेल्या राज्याची फळे मला नकोत. आता या वडीलधाऱ्यांची सेवा आणि तप, एवढेच हवे. जाता जाता तिने सहदेवाला सांभाळण्यास सांगितले, कर्णाचे स्मरण ठेवण्यास सांगितले, द्रौपदीची काळजी घेण्यास सांगितले, आणि ती वळली.

येथे तिघे एकाच वाटेने चालले आहेत, परंतु तिघांचे निघणे सारखे नाही. धृतराष्ट्र निघाला तो मनाला लागले म्हणून. कुंतीला कोणी दुखविले नव्हते. आयुष्यभर वनवास, अपमान आणि चिंता सोसलेल्या त्या मातेच्या घरी सुख आता कुठे नांदू लागले होते, आणि तरीही ती निघाली. दुखावून सोडणे आणि तृप्तीने सोडणे, यांत एवढे अंतर आहे. आणखी एक लक्षात घ्यावे. जिच्या पुत्रांनी आपल्या पुत्रांना वनात धाडले, त्याच थोरल्या जावेचा हात तिने खांद्यावर घेतला. जुना हिशेब तिने वेशीच्या आत ठेवला.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात गृहस्थाला वानप्रस्थाची वेळ ओळखण्याची खूण सांगितली आहे : अंगाला सुरकुत्या, डोक्याला पांढरे केस आणि नातवाचे मुख. आजच्या काळी कोणी वनात जावे असे म्हणणे हास्यास्पद होईल, आणि त्याची आवश्यकताही नाही. आजचे वन घरातच आहे. तिजोरीच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या आणि नंतर तिने काय आणले हे विचारले नाही, की वनाची वेस ओलांडली. दुकानाच्या गादीवर मुलगा बसला आणि आपण ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द गिळले, की वनातला पहिला मुक्काम गाठला.

पायरीचे स्थान

कित्येक वृद्धांचे दुःख मात्र अधिकाराचे नसते, एकटेपणाचे असते. सोबती एकेक करून निघून जातात. मुले परदेशी असतात. चलध्वनीच्या पडद्यावर नातवंडांचे मुख दिसते, परंतु डोक्यावरून हात फिरविता येत नाही. त्यांच्यासाठी नामदेवरायांचे चरित्र आहे. कार्तिक वद्य त्रयोदशीला, इ. स. १२९६ मध्ये, ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पाठोपाठ सोपानदेव, मुक्ताबाई आणि निवृत्तिनाथही गेले. ज्यांच्यासह तीर्थयात्रा केली ते सगळे वर्षभराच्या आगेमागे दृष्टीआड झाले. नामदेवांचे वय तेव्हा पंचविशीच्या जवळपास. परंपरेनुसार त्यानंतर ते पन्नासहून अधिक वर्षे जगले.

ती वर्षे त्यांनी कशात घालविली? सोबत्यांचे चरित्र अभंगांत गायिले. टाळ घेऊन उत्तरेस निघाले, ते पंजाबात पोहोचले. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते, आणि शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची पदे आदराने समाविष्ट आहेत. ज्यांची भाषा वेगळी त्यांच्यात ते नव्याने आपले झाले. दुःख उरात ठेवून त्यांनी हाताला काम दिले. आणि शेवटी, इ. स. १३५० मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, त्यांनी विसाव्यासाठी जागा निवडली ती महाद्वाराची पायरी. संतांच्या चरणांची धूळ लागावी म्हणून! गाभाऱ्यात नव्हे, शिखरावर नव्हे. आज पंढरीत येणारा भाविक आधी त्या पायरीला हात लावतो, मग पुढे जातो. जो खाली उतरला त्याच्यावाचून कोणालाच वर चढता येत नाही. येत्या वद्य त्रयोदशीला त्यांची पुण्यतिथी आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. संतोषाचा हा उपदेश वृद्धांना आहे. तो मुलांच्या हाती ढालीसारखा देण्यासाठी नाही. आई-वडिलांना औषध नाही, दोन वेळचे अन्न नाही, आणि त्यांना ‘समाधानी राहा’ म्हणून सांगावयाचे, हा अधर्म आहे. आपल्या देशात २००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी कायदा करावा लागला, ही गोष्ट श्रवणभक्ती करणाऱ्या समाजाला भूषणावह नाही. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांनी त्या कायद्याचा आधार घेण्यात संकोच मानू नये. संतोष म्हणजे मुकाट्याने उपाशी राहणे नव्हे. तसेच, ज्या माता-भगिनींच्या हाती उभ्या जन्मात किल्ल्या आल्याच नाहीत, त्यांना ‘सोडा’ म्हणणे हा क्रूर विनोद होईल. त्यांच्या उत्तररंगात सोडणे नाही. थोडे मिळणे आहे. वाचन, तीर्थयात्रा, चार मैत्रिणींत बसून भजन, जे राहून गेले ते त्यांना आता मिळाले पाहिजे, आणि ते देणे घरच्यांकडे लागते.

या चातुर्मासाचा नियम

परवा कांदेनवमी झाली. उद्यापासून कित्येक घरांत कांदा, लसूण, वांगे वर्ज्य होईल. कोणी एकभुक्त राहील, कोणी पोथी लावील, कोणी लक्ष वाती वाहील. हे सर्व उत्तमच आहे. परंतु कीर्तनकाराच्या अधिकाराने एक विनंती करतो. वांगे सोडणे सोपे असते. कारण वांग्याला आपण सोडल्याचे दुःख नसते आणि आपल्यालाही फारसे नसते. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांनी या चातुर्मासात आणखी तीन नियम धरून पाहावेत. एक अधिकार सोडावा : जो आपल्याला अतिशय प्रिय आहे तोच. एक तक्रार सोडावी : जी आपण रोज एकाच शब्दांत करतो ती. आणि एक सेवा धरावी : लहान, रोजची, कोणाच्या नजरेस न येणारी. नातवाला शाळेत पोहोचविणे असो, शेजारच्या रुग्णाला वाचून दाखविणे असो, देवळाच्या दिव्यात तेल घालणे असो. कार्तिकी एकादशीला देव जागे होतील, तेव्हा आपल्या चित्ताची झाडाझडती घ्यावी. जागेवर बसले आहे की नाही, हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

चार महिने मेघ झाकोळून येतात, वाटा चिखलाने भरतात आणि फिरता संन्यासीही एका गावी मुक्काम करतो. तो मुक्काम त्याला शिक्षा वाटत नाही. वर्षभर चालताना जे चिंतन राहून गेले ते करण्यास त्याला अवधी मिळतो. वार्धक्य हा आयुष्याचा चातुर्मास आहे. पाय थांबले म्हणून खंत करीत बसावयाचे की थांबलेल्या पायांनिशी नीट बसावयाचे, एवढाच प्रश्न उरतो.

आज या वेळी पंढरीत दर्शनाच्या बारीत लक्षावधी लोक उभे असतील. वाळवंटात कुठेतरी कोणी वृद्ध माउली गाठोडी राखीत बसली असेल. बारी तिच्यापासून दूर आहे. परंतु ज्याच्यासाठी ती बारी लागली तो तिच्यापासून दूर आहे, असे म्हणण्याचे धाडस या कीर्तनकाराला होत नाही. तिच्यासारखे, आपले पाहणे झाले असे म्हणून दुसऱ्याला वाट देण्याचे बळ पांडुरंग आम्हां सर्व पिकल्या पानांना देवो, हीच आजच्या महाएकादशीला त्याच्या चरणी प्रार्थना.